पाचशेच्या स्टँपवर बोटाची किंमत ठरत नाही

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून काढलाय. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जमतील तेवढे काढलेत, काही राहिलेत.

आजचा विषय एका श्रोत्याच्या मेसेजवरून घेतलाय. नाव सांगत नाही. हा मुलगा इंजिनीअरिंगला आहे आणि त्याच्या वडिलांचं भोसरीत छोटं प्रेस शॉप आहे. सात माणसं कामाला. मागच्या महिन्यात त्यातल्या एका २२ वर्षांच्या पोराचं उजव्या हाताचं तर्जनीचं बोट मुळापासून गेलं. पगार महिना १४,००० रुपये. वडिलांनी दवाखान्याचं सगळं बिल भरलं, वर ४०,००० रुपये हातात दिले आणि पाचशेच्या स्टँपवर लिहून घेतलं की, 'माझी मालकाविरुद्ध काहीही तक्रार नाही, यापुढे काहीही मागणार नाही.' खाली सही, दोन साक्षीदार. मेसेजचा शेवट असा होता: 'पप्पा म्हणतात विषय मिटला. खरंच मिटला का?'

नाही मिटला. आणि वडील वाईट माणूस आहेत म्हणून नाही. त्यांनी बिल भरलंय, पैसे दिलेत, पळून गेलेले नाहीत. पण कायद्याच्या हिशेबाने अजून बरंच देणं बाकी आहे आणि त्यावर व्याज चढतंय. आता हे कसं, ते नीट बघू. मी वकील नाही, मी कोड लिहितो. पण हा कायदा वाचताना मला वारंवार वाटलं की हे एखादं फंक्शन आहे. इनपुट द्या, आउटपुट ठरलेलं. मधे भावनांना जागाच नाही.

मूळ कायदा १९२३ चा. तेव्हाचं नाव 'वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन ॲक्ट', म्हणून आजही एमआयडीसीत सगळे 'वर्कमेन कॉम्प' किंवा 'डब्ल्यूसी' म्हणतात. २००९ च्या दुरुस्तीत 'वर्कमन' जाऊन 'एम्प्लॉई' आला. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यात हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. घाबरू नका, आतला सांगाडा बराचसा तोच आहे. रीफॅक्टरिंग म्हणा हवं तर: फाइल बदलली, लॉजिक बहुतेक तेच.

या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे आणि बहुतेक मालक तिथेच अडखळतात. भरपाई देण्यासाठी मालकाची चूक असावी लागत नाही. अपघात कामातून आणि काम चालू असताना झाला का, एवढाच प्रश्न. मशीन नवीन होतं, ट्रेनिंग दिलं होतं, भिंतीवर पाटी लावली होती, तरीही भरपाई द्यावी लागते. 'त्याचंच लक्ष नव्हतं, फोनवर बोलत होता' हा बचाव चालत नाही. निष्काळजीपणा वेगळा आणि मुद्दाम केलेली गोष्ट वेगळी.

मुद्दाम म्हणजे काय? तर दारू किंवा नशा करून काम केलं आणि त्यामुळेच अपघात झाला, सुरक्षेचा स्पष्ट नियम जाणूनबुजून मोडला, किंवा सुरक्षेसाठी बसवलेला गार्ड जाणूनबुजून काढला. अशा वेळी मालक सुटू शकतो. पण यात दोन मेख आहेत. एक, माणूस मेला किंवा कायमचा पूर्ण निकामी झाला तर हे अपवाद लागूच होत नाहीत, भरपाई द्यावीच लागते. दोन, हे सिद्ध करणं मालकाच्या अंगावर. आणि प्रेस शॉपमध्ये कधी उभे राहिला असाल तर माहीत असेल, गार्ड कोण काढतं ते. तासाला जास्त पीस निघावेत म्हणून सुपरवायझरच सांगतो, 'काढ रे तो, मधे मधे येतोय.' दोन्ही हातांनी बटण दाबायचं असतं, त्यातलं एक टेप लावून कायमचं दाबून ठेवलेलं असतं. अशा शॉपच्या मालकाने उद्या 'त्याने गार्ड काढला' म्हटलं तर ते टिकणार कसं?

चूक दाखवायची गरज नाही, याच्या बदल्यात रक्कम ठरलेली आहे. हाच या कायद्यातला सौदा. कामगाराला मालकाचा दोष सिद्ध करत वर्षानुवर्षं कोर्टात बसायचं नाही, आणि मालकाला अमर्याद रकमेची भीती नाही. कामगार हवं तर दिवाणी कोर्टात नुकसानभरपाईचा दावा करू शकतो, पण दोन्हीकडे नाही, एकच रस्ता निवडायचा.

आता हिशेब. कॅल्क्युलेटर काढा.

तीन इनपुट लागतात: महिन्याचं वेतन, वय, आणि किती टक्के कमाईची क्षमता गेली. वयासाठी कायद्यात एक तक्ता आहे, त्यातून एक गुणक मिळतो. २२ वर्षांना २२१.३७, ३० ला २०७.९८, ४० ला १८४.१७. वय कमी तितका गुणक मोठा, कारण पुढची कमाईची वर्षं जास्त. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर वेतनाचे ६० टक्के गुणिले हा गुणक. मृत्यू झाला तर वेतनाचे ५० टक्के गुणिले गुणक. अपंगत्वाला मृत्यूपेक्षा जास्त का, हा प्रश्न मलाही पडला होता. विचार केला तर सरळ आहे: जिवंत माणसाला स्वतःचाही खर्च चालवायचा असतो.

वेतन कितीही असलं तरी हिशेबात कमाल १५,००० धरतात. ही मर्यादा ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेतली आहे, त्याआधी ८,००० होती. नवीन आकडा आलाय का ते हिशेब करायच्या दिवशी तपासून घ्या. आणि हो, बेसिक ४,००० आणि बाकी सगळे भत्ते दाखवून हिशेब कमी करायची आयडिया कोणी देत असेल तर नव्या संहितेतली वेतनाची व्याख्या त्याला वाचायला द्या. भत्ते निम्म्याच्या वर गेले की वरचा भाग वेतनातच मोजला जातो.

आपल्या केसमध्ये वेतन १४,०००. त्याचे ६० टक्के म्हणजे ८,४००. गुणिले २२१.३७. झाले १८,५९,५०८ रुपये. ही पूर्ण अपंगत्वाची रक्कम. आता बोटाचे टक्के. कायद्याच्या परिशिष्टात शरीराच्या भागांची यादी आहे, ती पहिल्यांदा वाचताना पोटात कसंतरीच होतं. अंगठा ३० टक्के. एक डोळा, दुसरा चांगला असेल तर, ४० टक्के. एका हाताची चार बोटं ५० टक्के. पूर्ण तर्जनी १४ टक्के. म्हणजे १८,५९,५०८ चे १४ टक्के, २,६०,३३१ रुपये.

दिलेत किती? ४०,०००.

दवाखान्याचं बिल यात धरायचं नाही. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने वेगळा द्यायचाच असतो, तो भरपाईतून वजा होत नाही. वडिलांनी बिल भरलं ते बरोबर केलं, पण त्यामुळे २,६०,३३१ मधला एक रुपयाही कमी झाला नाही. शिवाय पोरगा जितके दिवस कामावर येऊ शकला नाही त्या काळाचे तात्पुरत्या अपंगत्वाचे पैसे असतात, दर पंधरवड्याला महिन्याच्या वेतनाच्या २५ टक्के. पहिले तीन दिवस सोडून. पण गैरहजेरी २८ दिवस किंवा जास्त झाली तर पहिल्या दिवसापासून.

आणि ते १४ टक्के म्हणजे छत नाही, किमान मजला आहे असं समजा. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयासमोर एका सुताराची केस होती. डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. तक्त्याप्रमाणे ते पूर्ण अपंगत्व होत नव्हतं. पण एका हाताने सुतारकाम कसं करणार? कोर्टाने ते पूर्ण अपंगत्व मानलं. म्हणजे बघायचं काय, तर तो माणूस जे काम करत होता ते काम आता करू शकतो का. २२ वर्षांच्या प्रेस ऑपरेटरची उजवी तर्जनी गेली आणि उद्या त्याने डॉक्टरच्या दाखल्यासह सांगितलं की माझं नुकसान १४ पेक्षा जास्त आहे, तर तो वाद ऐकून घ्यावा लागेल.

आता स्टँप पेपर. आपल्याकडे स्टँपवर लिहिलं आणि नोटरीचा शिक्का बसला की ते देवाने लिहिलं असं लोकांना वाटतं. हा कायदा स्पष्ट सांगतो की भरपाईचा हक्क सोडून देणारा किंवा कमी करणारा करार रद्दबातल. साक्षीदार दोन असोत की वीस. मग तडजोड करताच येत नाही का? येते. पण ती भरपाई आयुक्तांकडे नोंदवावी लागते. महाराष्ट्रात हे काम बहुतेक ठिकाणी कामगार न्यायालयाचे न्यायाधीश बघतात, काही जिल्ह्यांत दिवाणी न्यायाधीश. तिथे रक्कम अपुरी आहे किंवा दबावाखाली सही घेतलीय असं दिसलं तर नोंदणी नाकारली जाते.

नोंदवलं नाही तर? इथे कायदा खरंच कडक आहे आणि ही गोष्ट फार कमी मालकांना माहीत असते. नोंदणी न केलेल्या करारात मालकाला पूर्ण रक्कम भरावी लागते, आणि आधी दिलेल्या पैशांपैकी, आयुक्तांनी वेगळं सांगितलं नाही तर, निम्म्याहून जास्त वजा करता येत नाहीत. म्हणजे हातात दिलेल्या ४०,००० पैकी २०,००० हिशेबात धरले जातील, उरलेले २०,००० गेले. मृत्यूच्या केसमध्ये तर आणखी कडक: भरपाई आयुक्तांकडेच जमा करायची. घरी जाऊन विधवेच्या हातात दहा लाख दिले तरी कायद्याच्या नजरेत ती भरपाई नाही. कारण उघड आहे. त्या पैशांवर दीर, सासरा, गावचा पुढारी, सगळ्यांचे डोळे असतात. आयुक्त वाटे ठरवतात, गरज पडली तर पोरांच्या नावाने रक्कम गुंतवून ठेवतात.

मग त्या श्रोत्याच्या वडिलांनी आता काय करायचं? हिशेब करायचा, डॉक्टरकडून अपंगत्वाचा दाखला घ्यायचा, बाकी रक्कम द्यायची आणि कराराची रीतसर नोंदणी करून घ्यायची. एका चांगल्या कामगार वकिलाची फी या सगळ्यापुढे काहीच नाही. टक्केवारीवर वाद असेल तर जेवढं मान्य आहे तेवढं आधी भरायचं, वाद नंतर चालू ठेवायचा. ही सोय कायद्यातच आहे.

घाई का? भरपाई देय होते ती अपघाताच्या दिवशी, कोर्टाने हुकूम दिला त्या दिवशी नाही. हे पण त्याच सुताराच्या केसमध्ये ठरलं. एक महिन्यात दिली नाही तर १२ टक्के सरळ व्याज. आणि उशिराला पटेल असं कारण नसेल तर मूळ रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड, तोही सरकारला नाही, कामगारालाच. २,६०,३३१ वर दोन वर्षांचं व्याज साधारण ६२,५०० आणि कमाल दंड १,३०,०००. म्हणजे 'बघू नंतर' म्हणत बसलं तर अडीच लाखांचे साडेचार लाख होतात. कामगाराला दावा करायला साधारण दोन वर्षांची मुदत असते, आणि योग्य कारण असेल तर उशीर माफही होतो. गावाला गेला, आता कुठे येतोय, या भरवशावर राहू नका.

इथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, आमच्याकडे ईएसआय आहे, आम्हाला काय! बरोबर आहे. ईएसआय लागू असेल आणि माणूस त्यात विमाधारक असेल तर भरपाई ईएसआय महामंडळ देतं, मालकावर हा वेगळा बोजा येत नाही. १० किंवा जास्त माणसं, आणि २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कर्मचारी. मालकाचे ३.२५ टक्के, कर्मचाऱ्याचे ०.७५. आपल्या १४,००० वाल्यासाठी मालकाचे महिना ४५५ रुपये. त्यात उपचार, बरा होईपर्यंत वेतनाच्या ९० टक्के दराने रोख, कायमचं अपंगत्व आलं तर त्या प्रमाणात आयुष्यभर पेन्शनसारखे पैसे, आणि मृत्यू झाला तर कुटुंबाला. कामावरच्या अपघातासाठी आधी किती महिने वर्गणी भरली याची अट नाही.

मला विचाराल तर मला ईएसआयचा सौदा एकरकमी भरपाईपेक्षा आवडतो, कारण २२ वर्षांच्या मुलाच्या हातात अडीच लाख आले तर वर्षभरात त्यातले किती उरतील हे आपण सगळे जाणतो. भोसरीच्या या शॉपमध्ये सातच माणसं, म्हणून तिथे ईएसआय आपोआप लागू नाही. पण नव्या संहितेत लहान आस्थापनांनाही मालक आणि बहुसंख्य कर्मचारी तयार असतील तर स्वेच्छेने यायची सोय ठेवलीय.

ईएसआयमधली आपल्याकडची रड वेगळीच आहे. 'सेफ इन इंडिया' नावाची संस्था २०१९ पासून वाहन उद्योगातल्या जखमी कामगारांवर 'क्रश्ड' नावाचे अहवाल काढते. हरियाणा आणि महाराष्ट्र त्यात ठळक दिसतात, पॉवर प्रेसही ठळक दिसते. आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते: बऱ्याच जखमींचं ईएसआय कार्ड अपघातानंतर बनलेलं असतं. म्हणजे बोट गेल्यावर मालकाला नोंदणी आठवते. टेस्ट फेल झाल्यावर टेस्ट लिहायची. फरक एवढाच की इथे रोलबॅक नाही.

ठेकेदाराचा माणूस असेल तर? चाकण, रांजणगाव, तळेगाव, सगळीकडे हाच प्रश्न. 'तो आमच्या रोलवर नाही, ठेकेदाराला विचारा.' तुमच्या धंद्याचं काम, ठेकेदारामार्फत, तुमच्या जागेत चालू असेल तर मूळ मालकाकडूनच भरपाई मागता येते. मालकाने ती भरायची आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करायची. ठेकेदार सापडला तर. म्हणून ठेका देताना त्याची पॉलिसी आणि ईएसआयची चलनं बघून घेणं हा पेपरवर्कचा छळ नसून तुमच्याच खिशाचं रक्षण आहे.

प्रवासातल्या अपघातावर मात्र गेल्या वर्षभरात चित्र बरंच बदललंय. आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यातला रखवालदार. ड्यूटी पहाटे ३ ते सकाळी ११. २२ एप्रिल २००३ ला तो मोटारसायकलवर कामाला निघाला आणि कारखान्यापासून साधारण ५ किलोमीटरवर अपघातात गेला. आयुक्तांनी कुटुंबाला ३,२६,१४० रुपये आणि व्याज मंजूर केलं. मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केलं, कारण अपघात कारखान्यात झाला नव्हता. कुटुंब सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २९ जुलै २०२५ ला निकाल लागला: घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघातही कामाशी जोडलेला मानता येतो, जर वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसत असेल तर. पहाटे तीनच्या ड्यूटीला निघालेला माणूस दुसरं कुठे चालला असणार? ईएसआय कायद्यात ही तरतूद २०१० पासून होती. आता सामाजिक सुरक्षा संहितेत ती सरळ सगळ्यांसाठी लिहिलीय. बावीस वर्षं लागली त्या घराला.

मालकांनी यातून घ्यायचं ते असं की शिफ्टच्या वेळा, हजेरी आणि राहत्या घरचा पत्ता नीट नोंदलेला ठेवा. उद्या कोणी म्हणालं की तो मित्राच्या लग्नाला चालला होता, तर खरं काय ते त्याच नोंदीवरून कळेल.

उरला विमा. ईएसआयमध्ये न बसणाऱ्या माणसांसाठी सर्वसाधारण विमा कंपन्यांची 'एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशन पॉलिसी' मिळते, एजंटला 'डब्ल्यूसी पॉलिसी' म्हणा, लगेच कळेल. प्रीमियम एकूण पगाराच्या बेरजेवर आणि कामाच्या धोक्यावर ठरतो. आणि इथे लोक शहाणपणा करतात: दहा माणसांऐवजी पाच दाखवा, १४,००० ऐवजी ८,००० दाखवा. क्लेमच्या वेळी विमा कंपनी हजेरीपत्रक मागते आणि दाखवलेल्या आकड्यापुरतंच बघते, वरचा फरक मालकाच्या खिशातून. पॉलिसी घेताना तीन गोष्टी विचारा: ठेकेदाराची माणसं धरलीत का, उपचाराचा खर्च धरलाय का आणि कितीपर्यंत, आणि व्याज धरलंय का. उशिराचा दंड विमा कंपनी भरत नाही. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने वाहन विम्याच्या संदर्भात हेच सांगितलं की मूळ भरपाई आणि व्याज विमा कंपनीचं, पण दंड मालकाच्या स्वतःच्या दिरंगाईचा, तो त्यानेच भरायचा. अपघात झाला की विमा कंपनीला त्याच दिवशी ईमेल टाका, मशीनचे फोटो काढा, आणि मृत्यू किंवा गंभीर इजा असेल तर आयुक्तांना सात दिवसांत अहवाल पाठवा.

माणूस कामाला ठेवतानाच त्याला या हक्काची माहिती लेखी आणि इलेक्ट्रॉनिक अशा दोन्ही प्रकारे, त्याला कळेल अशा भाषेत द्यायची जबाबदारीही मालकाचीच आहे. बिहारहून आलेल्या मुलाला मराठीत छापलेला कागद देऊन हे होत नाही. एक पानभर मजकूर हिंदीत टाइप करा, व्हॉट्सॲपवर पाठवा, प्रिंट काढून सही घ्या. ही सही मात्र स्टँपशिवायही चालते.